नानांच्या टीव्हीतलं धुकं

टीव्ही दुकानात चांगलाच दिसतो. तिथे त्याला हवा तेवढा विजेचा दाब असतो, वर उंच अँटेना असतो आणि बघणारा उभा असतो. खरी गंमत तो घरी नेल्यावर सुरू होते. मी पालघरला रेडिओ दुरुस्तीपासून सुरुवात केली, पुढे बोईसरला स्वतःचं दुकान काढलं, आणि आयुष्यातली बरीच वर्षं लोकांच्या छपरांवर काढली. कौलं, पत्रे, गच्ची, गवताचा माळा, सगळं पायाखालून गेलं. घरातल्या माणसांची तोंडं मला उशिरा दिसायची. आधी ओळख व्हायची ती आवाजाची. मी वरून विचारायचो, "आला का?" खालून उत्तर यायचं, "आला, आला, गेला."

नव्या वाचकांसाठी सांगतो. तेव्हा चित्र हवेतून यायचं, मुंबईहून, आणि आमच्या भागात पोचेपर्यंत त्याचा जीव अर्धा झालेला असायचा. म्हणून लोखंडी पाइप उंच चढवायचा, त्यावर अॅल्युमिनियमच्या कांड्यांचा अँटेना बांधायचा आणि तो मुंबईच्या दिशेला फिरवत राहायचा. बोटभर इकडे फिरला तर एका माणसाच्या शेजारी त्याचंच भूत दिसायचं. बोटभर तिकडे गेला तर सगळीकडे मुंग्या. मासवणच्या बाजूला डोंगर आडवा यायचा, तिथे तर मुंगीतून माणूस ओळखणं ही कलाच होती.

पाम गावात एका शिक्षकांच्या घराभोवती इतकी झाडं होती की पाइप कितीही चढवला तरी कमीच पडे. शेवटी ताडी काढणाऱ्या गड्यानं अँटेना थेट ताडाच्या शेंड्याला बांधून दिला. चित्र असं लख्ख आलं की मी स्वतःवर खूश झालो. दुपारनंतर समुद्राकडचा वारा सुटला, ताड झुलायला लागला आणि बातम्या देणारी बाई प्रत्येक झोक्याला नाहीशी होऊन परत यायला लागली. शिक्षकांनी पंधरा दिवस तशाच बातम्या ऐकल्या. तक्रार केली ती ताडीवाल्यानं. त्याची मडकी अँटेनाला आपटत होती.

अशा गोष्टी पुष्कळ आहेत. पण या लेखासाठी मी बसलो तेव्हा मनात एकच गिऱ्हाईक होतं. समुद्रकाठच्या मुरबे गावचे जनूनाना तांडेल.

तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या. सुकाणू त्याच्या हातात, खलाशी त्याच्या शब्दात. नाना साठीला टेकले होते, अंगानं काटक, बोलायला तुटक. त्यांची बायको चंपामावशी बोईसरच्या बाजारात सुकी मासळी घेऊन बसायची. मुलगा कारखान्यात कामाला, तो बोईसरलाच बिऱ्हाड करून राहिलेला. नानांनी माझ्याकडून एक मध्यम आकाराचा रंगीत टीव्ही घेतला होता. तो चार वर्षं बिनतक्रार चालला. नव्वदीच्या दशकात शिरलो आणि नानांचे निरोप सुरू झाले. टीव्ही मळकट दिसतो.

मी गेलो. खाऱ्या हवेत अँटेनाच्या कांड्या खाऊन जातात, हे मला माहीत होतं. कांड्या बदलल्या, वायर बदलली, काच पुसली. नाना म्हणाले, "जरा बरा वाटते." महिन्याभरानं परत तोच निरोप. मी परत गेलो, आतली धूळ काढली, रंग थोडा वाढवून दिला. परत तेच, "जरा बरा वाटते." मनात म्हटलं, पिक्चर ट्यूब थकली असेल.

त्याच सुमारास मोठ्या पडद्याचे टीव्ही आले होते. एकोणतीस इंचांचे. तारापूरच्या कॉलनीतले इंजिनियर ते घ्यायचे आणि मग त्यांच्या लक्षात यायचं की भिंतीतल्या कपाटाचा कप्पा एकवीस इंचांच्या मापानं केलेला आहे. सुतार बोलवावा लागे. हे टीव्ही म्हणजे काचेचा धोंडा असायचा. सगळं वजन पुढच्या बाजूला, मागे पोकळ. धरणाऱ्याला माहीत नसलं तर तोंडावर आपटणार. दोन माणसांनी काच छातीशी धरायची आणि तिसऱ्यानं मागून फक्त तोल सांभाळायचा, असा माझा नियम होता.

दिवाळीच्या आधी नाना आणि चंपामावशी दुकानात आली. नाना त्या धोंड्यासमोर उभे राहिले. फार जवळ उभे राहिले, हे मला आता आठवतं.

"यापेक्षा मोठा नाय?" त्यांनी विचारलं.

"यापेक्षा मोठं थिएटर आहे नाना."

ते हसले नाहीत. मावशीच पुढे झाली. "हाच द्या भाऊ. मोठा हाय तोच द्या."

मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. खेड्यातल्या माझ्या गिऱ्हाइकांपैकी एवढा मोठा टीव्ही कुणीच घेतला नव्हता. मी स्वतः टेम्पोत बसून गेलो.

मुरब्याला कोळीवाड्याच्या तोंडाशी टेम्पो थांबला. पुढे गल्ली इतकी अरुंद की दोन टोपल्यावाल्या बायका समोरासमोर आल्या तर एकीला मागे सरावं लागे. नानांच्या होडीवरचे चार खलाशी आले. त्यांच्यात लक्ष्मण नावाचा तिशीतला एक होता, कमी बोलणारा, रुंद पंजांचा. मी माझा नियम समजावून सांगायला लागलो तर तो म्हणाला, "आमी इंजिन नेतो ना, तसा नेऊ." त्यांनी खोक्याला खालून दोर घातले, वरून वल्हं सरकवलं, आणि पालखीसारखं उचलून निघाले. मी नुसता मागून चालत गेलो. दारात खोकं अडलं. दाराची एक फळी बिजागरीतून काढली तेव्हा कुठे टीव्ही घरात शिरला. जुनी तिपाई बघूनच मी नको म्हटलं. लक्ष्मणानं मासळीच्या दोन लाकडी पेट्या उलट्या घातल्या, वर जाड फळी टाकली. ते काम त्यानं इतकं पक्कं केलं होतं की पुढे कित्येक वर्षं टीव्ही तिथेच राहिला.

टीव्ही बसवताना आम्ही तीन गोष्टी बघतो. खिडकीचा उजेड काचेवर पडता कामा नये, मागे हवा खेळायला जागा हवी, आणि बसणाऱ्यानं पुरेसं लांब बसावं. नानांची खोली लहान. तरी मी त्यांची खुर्ची मागच्या भिंतीला लावली. अँटेना जोडला, बटण दाबलं. क्रिकेटचा सामना चालू होता. हिरवंगार मैदान खोलीभर पसरलं आणि शेजारपाजारची सगळी माणसं दारात गोळा झाली.

नानांनी खुर्ची उचलली आणि टीव्हीपासून हातभर अंतरावर ठेवून बसले.

"नाना, लांब बसा. डोळ्यांना त्रास होईल."

"मना इथंच बरा," ते म्हणाले.

थोड्या वेळानं मी विचारलं, "कसा वाटतो?" ते म्हणाले, "मोठा हाय." चांगला आहे असं नाही म्हणाले. मी चहा घेतला आणि निघालो.

पंधरा दिवसांनी बाजाराच्या दिवशी चंपामावशी टोपली घेऊन दुकानाच्या पायरीशी आली.

"भाऊ, हे बोलतात या टीव्हीत पण धुकं हाय."

मला राग आला. नवाकोरा टीव्ही, मी माझ्या हातानं बसवलेला. हत्यारांची पिशवी घेतली आणि दुपारच्या बसनं मुरब्याला गेलो. बघतो तर रंग, उजेड, सगळं शेवटच्या टोकापर्यंत चढवलेलं. बातम्या देणाऱ्या माणसाचं तोंड संत्र्यासारखं झालेलं, त्याचा पांढरा सदरा डोळ्यांत घुसत होता. मी रिमोट घेतला आणि सगळं जागच्या जागी आणलं. चित्र सुरेख झालं. दारातून बघणारी शेजारीण म्हणाली, "आता कसा छान दिसते."

नाना म्हणाले, "काळोख केलास. होता तेवढा पण गेला."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांची नजर पडद्यावर होती, पण कशावरही ठरलेली नव्हती. कोळगावला माझे वडील शेवटची दोन वर्षं असेच बघायचे. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता आणि आम्हाला ते फार उशिरा कळलं होतं.

मी चॅनल बदललं. असं केलं की पडद्याच्या कोपऱ्यात हिरवा आकडा उमटायचा, चांगला वीतभर.

"नाना, कोपऱ्यात कितीचा आकडा आला?"

नानांनी डोळे बारीक केले. मग म्हणाले, "तू टीव्ही तपासायला आला हाय का मना?"

शेजारीण निघून गेली. मावशी अजून बाजारातून आली नव्हती. आम्ही ओट्यावर येऊन बसलो. समोर बोंबील वाळत घातलेले होते.

"बंदरावरच्या दिव्याभोवती कडं दिसतं का?" मी विचारलं.

"रंगीत दिसते. दोन वरसं झाली."

"आणि होडी?"

"होडी हाताला ठाऊक हाय. पाणी कुठं किती, वारा कुठला, त्याला डोळे नाय लागत." मग म्हणाले, "तांडेलाला दिसत नाय असं एकदा गावात झालं, की मग तो ओट्यावरचा म्हातारा. उद्यापासून जाळं शिवायला बस."

मी ऑपरेशनचं बोललो. मोतीबिंदूच असेल, आता डोळ्यात भिंगच बसवतात, पालघरला चांगले डॉक्टर आहेत, असं सगळं सांगितलं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. त्यांच्या चुलत भावाचा डोळा ऑपरेशननंतर गेला होता. तो भीतीचा दगड त्यांच्या मनातून हलत नव्हता.

"तू कुणाला बोलू नको," ते म्हणाले. "टीव्ही बिघडला हाय, असंच राहू दे."

मी हो म्हटलं. का म्हटलं, याचा मी नंतर खूप विचार केला. एक तर दुसऱ्याच्या घरात जाणाऱ्या माणसाला तोंड बंद ठेवायची सवय लागते. घराघरांतली भांडणं आणि आजारपणं आम्ही कानांनी ऐकतो आणि तिथेच ठेवून येतो. दुसरं असं की नाना माझ्याहून मोठे, मानी; त्यांना शब्द दिला म्हणजे दिला. पण त्या होडीवर आणखी चार माणसं जात होती, याचा विचार मी त्या वेळी केला नाही. या धंद्यात माझ्या हातून चुका झाल्या, त्यातली ही सगळ्यात मोठी. तिचा टीव्हीशी काही संबंध नव्हता.

थंडीत एकदा सकाळी नानांची होडी मासळी घेऊन परत येत होती. आमच्या किनाऱ्याला परतताना तोंड पूर्वेकडे असतं. सूर्य नुकताच वर आलेला, त्याचा उजेड सपाट पाण्यावरून सरळ डोळ्यांत. जाळी बांधायला समुद्रात लाकडी खुंट ठोकलेले असतात. नानांची होडी त्यातल्या एका खुंटावर जाऊन आदळली. होडीची फळी फुटली, पाणी आत आलं, पण शेजारच्या होडीनं दोर टाकून सगळ्यांना ओढून आणलं. लक्ष्मण पडला आणि त्याचा उजवा हात कोपराखाली मोडला.

हे मला चंपामावशीनं बाजारात सांगितलं. "ऊन डोळ्यांवर आलं बोलतात," ती म्हणाली आणि माझ्याकडे बघत राहिली.

मला दुकानात बसवेना. शटर अर्धं ओढलं आणि तिच्याच बरोबर बसमध्ये चढलो. घरी नाना टीव्हीसमोरच होते, पण टीव्ही बंद होता. मी म्हणालो, "नाना, मी दिलेला शब्द आज मोडतोय. तुमच्यासमोर मोडतोय." आणि मावशीकडे वळून सांगितलं, "मावशी, टीव्हीत काही दोष नाही. नानांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे."

मावशीनं टोपली खाली ठेवली. "मना ठाऊक हाय," ती म्हणाली.

नानांनी मान वर केली.

"दोन वरसं यांच्या ताटातल्या माशाचे काटे मीच काढून देते. तांडेलाला काटा दिसत नाय, मना कळणार नाय का? विचारलं तर ताट ढकलून उठतील, म्हणून बोलले नाय." मग ती मला म्हणाली, "मोठा टीव्ही घेऊ असं मीच यांच्या डोक्यात घातलं भाऊ. मना वाटलं, एवढा मोठा पडदा पण नाय दिसला तर आपोआप कबूल करतील. टीव्हीलाच नाव ठेवतील असं नाय वाटलं मना."

नाना हातातल्या रिमोटवरून अंगठा फिरवत होते.

"लक्षमणचा हात," एवढंच ते शेवटी म्हणाले. आणि मग, "कधी जायचा पालघरला?"

दुसऱ्याच आठवड्यात त्यांचा मुलगा त्यांना घेऊन गेला. होडी तोवर किनाऱ्यावर दुरुस्तीला होती. एक डोळा त्या महिन्यात झाला, दुसरा उन्हाळ्यात. पहिल्या डोळ्याची पट्टी निघाल्यावर चार दिवसांनी निरोप आला की टीव्ही परत बिघडला.

मी गेलो तर नाना भिंतीपाशी, म्हणजे मी पहिल्या दिवशी खुर्ची ठेवली होती तिथे बसलेले. कपाळाला आठ्या.

"निळा दिसते सगळा. आणि किती तो भडक. कुणी केला असा?"

"तुम्हीच केलात," मी म्हणालो. मी ठीक केलेलं सगळं त्यांनी पुन्हा टोकापर्यंत चढवून ठेवलं होतं. मोतीबिंदूतून जग पिवळट दिसतं. तो काढला की पांढरंसुद्धा काही दिवस निळसर वाटतं, हे मला डॉक्टरांनी नंतर समजावलं. मी रंग उतरवला, उजेड उतरवला. नाना एकेका टप्प्याला मान हलवत होते. मग त्यांनी कोपऱ्यातला आकडा वाचून दाखवला. मी विचारलं नव्हतं.

मला म्हणाले, "चल, होडी दाखवतो." किनाऱ्यावर होडी उलटी घातली होती. नवी फळी बसली होती. आदल्या वर्षी त्यांनी स्वतः रंग निवडून होडी रंगवली होती, ती नुसती पोपटी आणि गुलाबी. त्यांनी तिच्याभोवती एक फेरी मारली.

"लोक काय बोलले नाय मना?" ते म्हणाले.

"तुम्हाला कोण बोलणार?"

ते पहिल्यांदा मोठ्यानं हसले. मीही हसलो, आणि खरं सांगतो, कित्येक महिन्यांनी माझ्या छातीवरचं ओझं थोडं हललं. पण पूर्ण उतरलं नव्हतं. लक्ष्मणाच्या हाताचं प्लास्टर निघालं होतं, पण मूठ अजून नीट वळत नव्हती, आणि नाना त्याच्या घरी गेले ते औषधांचं विचारून, मासळी देऊन आले होते. जे बोलायचं ते राहिलं होतं.

नारळी पौर्णिमेला नानांनी मला मुद्दाम बोलावलं. होडीला नवा रंग होता, साधा निळा. पूजा झाली, नारळ पाण्यात सोडला. चारही खलाशी होते, त्यांच्या घरची माणसं होती. लक्ष्मणाची मूठ आता वळत होती. खलाशी होडी ढकलायला वाकले तेव्हा नाना म्हणाले, "थांबा. मना बोलायचा हाय."

सगळे उभे राहिले.

"त्या दिवशी ऊन डोळ्यांवर आलं असं मी बोललो. ते खरं नाय. मना दोन वरसं दिसत नव्हतं. खुंट होता तिथंच होता. लक्षमणचा हात माझ्यामुळं मोडला."

चंपामावशी पदराचं टोक हातात धरून उभी होती. लक्ष्मणानं पायानं वाळू सारखी केली आणि खाली बघतच म्हणाला,

"आमाला ठाऊक होतं नाना. आमी चौघं पाळीपाळीनं होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर उभं राहायचो. खुंट आला की आवाज द्यायचो, तुमी वळवायचे. त्या दिवशी माझी पाळी होती. माझं लक्ष मासळीच्या टोपलीकडं गेलं."

नाना त्याच्याकडे बघत राहिले. आता त्यांना नीट दिसत होतं. लक्ष्मणाच्या तोंडावर जे काही होतं ते सगळं दिसत होतं. त्यांनी त्याचा उजवा हात धरला, मोडला होता तिथे, आणि त्याला होडीच्या मागच्या टोकाशी नेऊन सुकाणूवर ठेवला.

"तू बस," ते म्हणाले.

मग कासोटा खोचून ते स्वतः पुढे गेले, नाळेवर चढले आणि समोर बघत उभे राहिले.